कोपऱ्यातल्या कपाटातला ऊस

नव्वदच्या दशकात मी इंदापूरच्या एका वाचनालयात हंगामी सहायक म्हणून लागले. बारामतीहून रोज एसटीने जायचे. ग्रंथालयाचा कोर्स नुकताच झालेला, त्यामुळे पुस्तक हातात आलं की आधी त्याचा वर्गांक डोळ्यांपुढे यायचा. शेतीला सहाशे तीस, ऊस त्याच्याच पोटात. आकड्याला कुणाचं आडनाव ठाऊक नसतं, असा माझा भाबडा समज होता.

आमच्या ग्रंथपालांना आडनावाशिवाय दुसरं काही दिसायचंच नाही. नवं पुस्तक आलं की ते लेखकाचं आडनाव वाचत आणि चष्म्यावरून बघत म्हणत, "हे कोपऱ्यात." जिन्याखालच्या त्या कपाटावर पाटी होती, 'दलित साहित्य'. कविता, आत्मकथनं होतीच, पण एका डॉक्टरांचं बाळाच्या संगोपनावरचं पुस्तकही तिथंच कोंबलेलं. बाळाला जुलाब झाले तर काय पाजावं, यात कसलं आलंय दलित साहित्य? मी विचारलं, तर म्हणाले, "अहो ताई, तुमच्या लोकांचं सगळं एका जागी सापडतं. मानाचं कपाट आहे ते." मान म्हणे! त्या शब्दाची मला शिसारी बसली, ती आजतागायत.

आम्ही बौद्ध. माझे वडील शेतीखात्यातून निवृत्त झालेले. माळेगावच्या बाजूला लोकांच्या बांधावर उभं राहण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. उसाची लागण, तोडीनंतरचा खोडवा, मुळं खाणारी हुमणी यांवर त्यांनी छोटंसं पुस्तक लिहून स्वतःच छापलं. ते ऊसवाल्यांच्या हाती पडावं, एवढाच त्यांचा ध्यास. एक प्रत मी वाचनालयात दिली आणि तिच्या पाठीवर डकवलेल्या चिठ्ठीवर उसाचा आकडा घातला. ग्रंथपालांनी ती चिठ्ठी खरवडायला लावली.

"'द' घाला."

"सर, ऊस आहे हो हा."

"आडनाव काय आहे?"

माझंच आडनाव ते मला विचारत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला कायम करायची शिफारस त्यांच्याच हातात होती. मी 'द' घातला.

पुढं कुणी हुमणीवर काही आहे का विचारलं, की ग्रंथपाल शेतीच्या कपाटाकडे बघून "नाही" म्हणत. मीही जिन्याखालचं पुस्तक काढून द्यायचे नाही. किळस आता त्यांच्याइतकीच माझीही यायला लागली होती.

एकदा वडील तहसीलच्या कामाला आले आणि तसेच वाचनालयात डोकावले. शेतीचं कपाट त्यांनी वरून खालपर्यंत बघितलं.

"माजं न्हाय हितं. कुणीतरी नेलंय जणू," ते खुशीत म्हणाले.

"नाही नाही आबा," ग्रंथपाल लगबगीने उठले. "तुमचं तिकडं, मानाच्या कपाटात."

वडील वाकून जिन्याखाली गेले. पुस्तक काढलं, चिठ्ठीवर अंगठा फिरवला.

"ह्यो 'द' तुज्या हातचा हाय?"

"व्हय, आबा."

त्यांनी पुस्तक होतं तिथंच नीट लावलं. मग हळूच, ग्रंथपालांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "कायम झालीस का गं?"