कॉमिकवरची चिकटपट्टी

तक्रार साधीच होती, पण नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांआधी मला तीच आठवते. मी तेव्हा विरारला उपनिरीक्षक होतो.

मनवेलपाड्यातला एक चाळिशीचा कारकून अर्ज घेऊन आला. लहानपणापासून जपलेलं एक परदेशी कॉमिक त्याने भुईगावच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यामार्फत अमेरिकेला पाठवलं होतं. तिथले तज्ज्ञ अंकाची अवस्था तपासून दर्जा ठरवतात आणि तो प्लास्टिकच्या पेटीत बंद करून परत पाठवतात. दर्जा फारच खालचा आला. कारण काय, तर मागच्या कव्हरवर चिकटपट्टी.

"माझ्या अंकाला पट्टी नव्हतीच. त्या विक्रेत्यानं अंक बदलला, साहेब."

मी विक्रेत्याला बोलावून दोन तास बाकावर बसवलं, आवाजही चढवला. तो मात्र शांत होता. पेटीबंद अंक माझ्या टेबलावरच होता.

"साहेब, नुसता फाटलेला कोपरा असता तर दर्जा थोडाच उतरला असता. पट्टीचा डिंक कागदात मुरतो, काढायला गेलं तर छपाई निघते. अंक हातात आला तेव्हा पट्टी होतीच. अंकाच्या मालकाला माहीत असेल असं धरून चाललो, एवढी माझी चूक. आणि तिची कडा बघा, दातांनी तोडलीय. मी कात्री वापरतो. गावात आजवर कुणी माझ्यावर बोट दाखवलं नव्हतं."

अंक कुठे ठेवलेला असायचा ते पाहायला मी साध्या कपड्यांत कारकुनाच्या घरी गेलो. आईला त्याने तक्रारीचं काही सांगितलं नव्हतं. माझी ओळख 'मित्र' म्हणून करून दिली. म्हातारीने चहा दिला. टेबलावरच्या औषधाच्या चिठ्ठीला पट्टी लावलेली होती, कडा तशीच वेडीवाकडी. मी सहज विचारलं.

"कात्री कोण शोधत बसतंय? दातानं तोडते." मग मुलाकडे वळून म्हणाली, "तुझ्या त्या पुस्तकालापण लावली रे, पाठवायच्या आदल्या दिवशी. कोपरा फाटला होता. परक्यांकडे फाटकं कसं पाठवायचं? आवडलं का त्यांना?"

तो चिठ्ठीवरच्या पट्टीकडे बघत होता.

"हो आई. आवडलं."

मी चहा संपवला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भुईगावला गेलो आणि शेजाऱ्यांदेखत विक्रेत्याची माफी मागितली. वर्दीला ते जड जातं. नुकसान झालं म्हणजे कुणाचा तरी हेतू वाईट असणार, असं मी तोवर धरून चालत होतो. ती सवय तिथे सुटली.

तक्रार मागे घेताना कारकुनाने जबाबात लिहिलं, 'पट्टी मीच लावली होती, विसरलो.' आईचं नाव त्याला पोलिसांच्या कागदावर नको होतं. जाणूनबुजून खोट्या जबाबावर मी आयुष्यात एकदाच सही केली, आणि तिची मला लाज वाटत नाही.