चपला बाहेर काढा

“पाय बघ तुझे. ह्या पायांनी आत येती व्हय गं?”

सर हे बोलले तव्हा सगळा वर्ग माझ्या मागं रांगेत उभा होता. मी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात. चपला मी बाहेर काढल्या होत्या, दारावर तशी पाटीच होती. ‘चपला बाहेर काढा.’ पण वाटूरहून परतूरला शाळेत यायचं म्हणजे आधी आमच्या आखाड्यावरून, म्हंजी शेतातल्या घरापासून, सडकेपर्यंत चिखल तुडवत यायचं, आन् आमची काळी माती काही पाटी वाचत न्हाई. घोट्यापर्यंत माखलेला पाय मी आत टाकला. पांढऱ्या फरशीवर तो जसाच्या तसा उमटला.

“ओढणी हाय ना अंगावर? पूस मंग.”

मी पुसलं. खाली बसून, ओढणीनं, सगळ्यांसमोर. पोरं फिदीफिदी हसून राह्यली होती. मी पुसत असतानाच माझ्या बाजूनं बूट गेले. काळे, चामड्याचे, नाडीचे. आमच्याच वर्गातलं पोरगं, संस्थेच्या अध्यक्षांचं. सरांनी त्याच्यासाठी दारावरचा पडदा हातानं बाजूला धरला. त्याच्या बुटाखाली काय जालन्याच्या कारखान्यातलं स्टील होतं? तीच माती होती की. पण ती अध्यक्षांच्या घरची माती. तिला पाटी लागू नव्हती.

त्या खोलीची शान ऐका. शाळेत पोरींना धड मुतारी नव्हती, पण त्या खोलीला पडदे होते, थंड हवेचं मशीन होतं. एकेका कॉम्प्युटरवर झालर लावलेलं कापड, नवरीच्या तोंडावर पदर असावा तसं. दसऱ्याला झेंडूचे हार. आम्हाला फळ्यावर ‘अंधश्रद्धा म्हणजे काय’ हा प्रश्न उत्तरासकट लिहून देणारे हेच विज्ञानाचे सर त्या डब्याला उदबत्ती ओवाळायचे, बटनांवर हळदकुंकू टाकायचे, आन् चार दिवसांनी बटनं चिकटली की म्हणायचे, पोरांनी हात लावला असंल. चपलांमुळं कॉम्प्युटरमधी व्हायरस येतो, हे ज्ञानही आम्हाला त्यांनीच दिलं. डिग्री होती त्यांच्याकडं. फ्रेममधी लावलेली.

हात लावायचा तो फक्त अध्यक्षांच्या पोरानं. बाकीच्यांनी भिंतीला टेकून बघायचं आन् वहीत माऊसचं चित्र काढायचं. माझं चित्र लई चांगलं यायचं. माऊस हातात कसा धरतात ते मात्र मला ठाऊक नव्हतं. एक दिवस धीर करून मी विचारलं, “सर, ह्याच्या आत काय असतं?”

“तुला काय करायचंय आत काय असतं ते? कसं चालवायचं तेवढं शिक. आतलं बघायला वेगळी माणसं असतात.”

वेगळी माणसं! फरशी पुसताना मला नुसती लाज वाटली होती. हे ऐकलं आन् राग आला. घरी येऊन मी आईवर चिडले, बादलीला लाथ मारली, जेवले न्हाई. आईनं विचारलं काय झालं, तर सांगता येईना. ओढणी तिनं दगडावर आपटून आपटून धुतली. ती स्वच्छ निघाली. माझा राग काही निघाला न्हाई, आन् मी तो काढूही दिला न्हाई.

पुढं मी जालन्याला मावशीकडं राहून शिकले. कॉलेजच्या वाटेवर जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारं एक दुकान होतं. दुकानदार काका कुणाला हाकलत नव्हते. तिथं मी पहिल्यांदा झाकण काढलेलं मशीन बघितलं. आत काय होतं सांगू? धूळ. आमच्या आखाड्यावर नसंल एवढी धूळ. मी इतकी हसले, की काकांना वाटलं पोरीला वेड लागलं. ज्या डब्यापुढं मला पाय लपवायला लावले, तो आतून माझ्या पायांपेक्षा घाण होता आन् तरी मजेत चालून राह्यला होता.

त्याच दुकानात मला कळलं, की सॉफ्टवेअर दोन जातीचं असतं. एक बंद. कंपनी सांगंल तेवढं वापरायचं, आत बघायचं न्हाई, बदलायचं न्हाई, शेजाऱ्याला द्यायचं न्हाई. दुसरं मोकळं. ते जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय आन् कुणीही उघडावं, वाचावं, आपल्या सोयीनं बदलावं, दुसऱ्याला द्यावं म्हणून ठेवलंय. आमच्या घरात हे कुणाला समजावून सांगायची गरज पडली न्हाई. बाबाला एका दमात कळलं. त्यांच्या लहानपणी आजोबा ज्वारीची चांगली कणसं निवडून राखेत ठेवायचे, पेरणीला शेजाऱ्याला पण द्यायचे. आता दुकानातून बियाण्याचं पाकीट आणावं लागतं. पाकिटातलं पेरून जे येतं ते पुन्हा पेरलं तर बराबर येत न्हाई, मंग पुन्हा पाकीट. बाबा म्हणले, “म्हणजे तुमच्यात बी पाकिटंच हायेत म्हण की.”

हायेत ना! आन् पाकीटवाल्यांचे भक्त तर शेतीतल्यापेक्षा जास्त. बंद सॉफ्टवेअर विकणारी एक बडी कंपनी हाय, तिचं नाव मी इथं घेत न्हाई, तिची जाहिरात मी फुकटात काहून करू? पण तिच्या भक्तांची एक गंमत सांगते. आमच्याकडं जेवढे म्हणून शिकलेले लोक मला भेटले, मास्तर, वकील, बाबू, त्यातल्या बहुतेकांच्या घरी तिचं सॉफ्टवेअर चोरीचं. कुणाच्या तरी मेव्हण्यानं कॉम्प्युटरमधी भरून दिलेलं. त्याची कुणाला शरम न्हाई. मी मात्र मोकळं, हक्काचं सॉफ्टवेअर वापरते म्हणलं की हेच लोक तोंड वाकडं करायचे. “फुकटातलं काय कामाचं?” वा रे वा! चोरलेलं खानदानी आन् वाटलेलं भिकार. गुलामाला मालक बदलायचा म्हणलं तरी घाम फुटतो, हे मी ह्या साहेबलोकांच्या तोंडावर बघितलंय.

फिरून फिरून मी त्याच शाळेत आले. कॉम्प्युटर शिकवायला, तासावर. तोवर ते बूटवालं पोरगं अध्यक्ष झालं होतं. बापाची खुर्ची, बापाचीच गाडी. पहिल्या दिवशी मी दारावरची पाटी काढली आन् झालरी सोडवून फडके म्हणून वापरल्या. शाळेच्या मशिनी केव्हाच मेल्या होत्या, पूजा चालू होती. कापसाच्या एका जिनिंगच्या ऑफिसातून मोडीत निघालेले कॉम्प्युटर मी मागून आणले. मालकांनी ते मला दिले, शाळेला न्हाई. तेवढं ध्यानात ठेवा, पुढं कामाला येतंय. पोरींनी ते खोलले, झटकले, जोडले. मोकळं सॉफ्टवेअर टाकलं. चपला पायात, झाकणं उघडी.

त्यात चित्रं काढायचा एक प्रोग्राम होता. कोमल म्हणून माझी एक पोरगी, तीर्थपुरीकडची, मामाकडं राहून शिकणारी. ती म्हणली, “मॅडम, ह्याची बटनं इंग्रजीत काहून हायेत? बदलता येतेत का?” येतेत. मोकळं हाय ना ते. मंग पोरी बसल्या. भांडून भांडून शब्द ठरवले. ‘ठिवून दे’. ‘पुसून टाक’. केलेली चूक मागं घ्यायच्या बटनाला ‘माघारी फिर’. नवीन पानाला ‘कोरं दे’. आईशी बोलतात त्या भाषेत त्यांनी मशीनला बोलायला लावलं. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो मला कुठल्या पगारानं झाला न्हाई. मी सरळ बाहेर जाऊन रडून घेतलं.

मंग मागच्या वर्षी ‘स्मार्ट लॅब’ आली. दानात. देणारी त्याच बड्या कंपनीच्या साखळीतली एक कंपनी, पुण्यात ऑफिस असलेली. नवीन मशिनी, नवीन फरशी, आन् विचारलं त्याचं उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. अट एकच. खोलीत दुसरं काही चालणार न्हाई. पोरींनी जे करायचं ते कंपनीच्या खात्यातूनच करायचं. दान देणारा आधी तुमच्या घरातली चूल विझवायला सांगतो, असलं दान मी पहिल्यांदाच बघून राह्यले होते. अध्यक्षांना मात्र फोटो दिसून राह्यला होता, दुसरं काही न्हाई.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी आले तर दारावर पाटी. नवी कोरी, छापील. ‘चपला बाहेर काढा.’ पोरी अनवाणी व्हरांड्यात उभ्या, फरशी तापलेली, एक पाय उचल दुसरा ठेव चाललेलं. नारळ फुटला, मशीनला कुंकू लागलं, आन् कंपनीचा माणूस बूट घालून आत गेला. त्याच्या मागं अध्यक्ष, त्यांच्या मागं सगळी पाहुणेमंडळी. सगळी बुटात. मी बी चपला काढून दारातच थांबले. मला वाटलं माझ्या हातात ओढणी हाय.

कोपऱ्यात आमच्या जुन्या मशिनी अजून चालू होत्या. पाहुण्यानं वाकून बघितलं. ‘माघारी फिर’ वाचलं आन् हसला. “सो क्यूट! पण असे गावठी शब्द घेऊन या मुली जगात कुठे जाणार?”

सगळे हसले. अध्यक्ष सगळ्यात मोठ्यानं. दारात उभी कोमल खाली बघायला लागली. स्वतःच्या पायांकडं. ते बघितलं आन् माझं डोकं फिरलं.

मी म्हणलं, “तुमचं मशीन उत्तर देतं म्हणता. ते कसं देतं, हे आमच्या पोरींना उघडून बघता येईल का? आन् पोरी त्याच्यापाशी जे लिहितील ते जाणार कुणाकडं?”

तो गोड बोलला. असे लोक गोडच बोलतात. “मॅडम, तुम्ही फक्त वापरायला शिकवा. आतलं बघायला आमची टीम आहे.”

बघा! इतकी वर्षं गेली, भिंतींना तीनदा रंग लागला, जग हातातल्या फोनमधी आलं, आन् वाक्य तेच. तव्हा आमच्या सरांनी म्हणलं होतं, आता पुण्याच्या साहेबानं. विज्ञान म्हणजे प्रश्न विचारणं, हे पोरींना पाठ करून घ्यायचं, आन् प्रश्न आला की टीम दाखवायची. असल्या विज्ञानाला मी विज्ञान म्हणत न्हाई. ती भिक्षुकीच हाय, नुसती शर्ट-पँट घातलेली. पोथी त्यांच्या हातात, आपण लांबून हात जोडायचे, आन् दक्षिणा म्हणून आपल्या पोरींचं लिहिणंबोलणं त्यांच्या गोदामात भरायचं.

अध्यक्षांनी मला आत एका बाजूला घेतलं. पाहुण्यांसमोर ‘मॅडम’ होते, बाजूला आल्यावर ‘तू’ झाले. “जुनं सगळं उडवून टाक. आत्ताच्या आत्ता. फोटोच्या आधी.”

“न्हाई.”

“काय?”

“न्हाई उडवणार. पोरींचं हाय ते.”

मी बाहेर आले, चपला घातल्या, आन् चपलांसकट त्या चकचकीत फरशीवरून, सगळ्या बड्या लोकांच्या मधून, आमच्या मशिनींपर्यंत चालत गेले. फटक फटक आवाज येऊन राह्यला होता. वळून मी पोरींना म्हणलं, “चपला घाला आन् आत या.”

एक बी आली न्हाई. सगळ्या अध्यक्षांच्या तोंडाकडं बघत राह्यल्या. कोमल सुद्धा.

पोरींचा मला राग आला न्हाई. त्या वयात मी तर फरशी पुसली होती. राग आला तो त्या बुटातल्या माणसांचा, ज्यांना काही बोलायचीही गरज पडली न्हाई.

दुसऱ्या दिवशी मला काढून टाकलं. त्याची अपेक्षा होतीच. टेम्पो आणला आन् माझ्या मशिनी मी उचलल्या. अध्यक्षांनी अडवून बघितलं, जिनिंगच्या मालकांना फोन लावला, मशिनी बाईंनाच दिल्यात हे त्यांच्या तोंडून ऐकलं, मंग वाट सोडली. वाटूर फाट्यावर माझ्या भावाचा बंद गाळा होता, तिथं मांडल्या. पाटी लावली न्हाई. सरकारी शिक्का न्हाई, पाहुणा न्हाई, नारळ न्हाई. लोक येता जाता बोलतेत, “बाई, चांगल्या नोकरीवर पाणी सोडलं.” बोलू द्या. त्यांच्या खिशातला फोन रोज त्यांना विकून राह्यलाय आन् हे मला शहाणपण शिकवतेत.

पहिल्या रविवारी कोमल आली. मामाला न सांगता आल्ती. गाळ्याच्या दारात उभी राह्यली, आत डोकावली, हसली, आन् काही विचार न करता पायातल्या चपला काढायला लागली. इथं पाटी नव्हती. हाकलणारं कुणी नव्हतं. आतली फरशी तर फुटकी. तरी तिचा पाय आपोआप चपलेतून निघाला.

तव्हा मला कळलं, की आपलं भांडण कुणाशी हाय. कंपनीनं दाराला कुलूप लावायची गरजच न्हाई. आपल्या पोरींनी दारात चपला काढल्या, की तिचं काम झालं. हे आपण शिकवलंय, पिढ्यान्‌पिढ्या, उदबत्तीसकट. आता ते मोडायचं काम मी घेतलंय, आन् कुणाच्या बापाला विचारून घेतलेलं न्हाई. अध्यक्षांनी गाळा बंद पाडला तर झाडाखाली मांडीन. झाड तोडलं तर सडकेवर.

मी तिच्या चपला उचलून तिच्या पायापुढं ठेवल्या आन् हातात स्क्रूड्रायव्हर दिला.

“घाल पायात. आत ये. झाकण काढ.”