तेरुयाबाईंची वीस डॉलरची नोट

वॉलेस आराकाकी यांची आणि माझी ओळख होनोलुलूच्या शहर-बसमध्ये झाली. ते बस चालवीत असत आणि मी त्याच बसने धुलाईच्या कारखान्यात कामाला जात असे. एके दिवशी भाड्याच्या पेटीत माझ्या हातून एक नाणे जास्त पडले. वॉलेस यांनी पुढच्या थांब्यावर बस उभी केली, स्वतःच्या खिशातून तेवढेच नाणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि मगच बस पुढे नेली. मागचे प्रवासी ओरडत होते. त्यांनी आरशात पाहून शांतपणे सांगितले, "हिशेब चालू आहे." पुढे आम्ही शहरातल्या कालिही वस्तीत एकाच गल्लीत राहू लागलो आणि हा मनुष्य मला जवळून पाहता आला.

वॉलेस जुगारही असाच खेळत, म्हणजे बस चालवावी तसा, वेळापत्रकाने. आमच्या गल्लीतले सगळेच वर्षातून एकदा लास वेगासला जातात, चार रात्रींत खिसा रिकामा करतात आणि हसतमुखाने परत येतात. परंतु लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून वॉलेस आणि त्यांची पत्नी कामेको यांनी त्या वर्षी दोन आठवड्यांचा मुक्काम ठरवला. एवढ्या दिवसांत पैसा पुरवणे ही मोठी जबाबदारी आहे, असे वॉलेस यांचे मत होते. त्यांनी प्रत्येक दिवसासाठी एक पाकीट केले, प्रत्येकात साठ डॉलर घातले, वर वार लिहिला आणि पाकिटे डिंकाने चिकटवली. उद्याचे पाकीट आज उघडायचे नाही, हा नियम. मोह होऊ नये म्हणून खोलीतल्या तिजोरीचा आकडाही त्यांनी स्वतःपाशी न ठेवता कामेकोला देऊन टाकला.

कामेकोचा अंदाजपत्रकावर विश्वास नव्हता. तिचे पैसे पोलक्यात असत आणि तिथून ते लागतील तसे निघत.

याखेरीज वॉलेस यांच्याजवळ शेजाऱ्यांच्या पैशांची एक पिशवी होती. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातात शेजारीपाजारी थोडे पैसे ठेवतात आणि म्हणतात, "माझ्या नावानं खेळ." ते पैसे खेळायचे, जिंकले तर आणून द्यायचे आणि हरले तरी सगळ्यांसाठी खाऊ आणायचा. पलीकडच्या घरातल्या फुमिको तेरुयाबाई गेली कित्येक वर्षे वीसची नोट देत होत्या. त्या कधीच वेगासला गेल्या नव्हत्या. तीस वर्षांचा तो शेजार. आराकाकींच्या घराची किल्ली तेरुयाबाईंकडे असे, आणि तेरुयाबाईंचे गळके छप्पर वॉलेस यांच्याकडे असे.

पहिला आठवडा नियमाप्रमाणे गेला. वॉलेस सकाळी पाकीट उघडत, न्याहारीपर्यंत हरत आणि उरलेला दिवस हातांची घडी घालून दुसऱ्यांना हरताना पाहत. आमच्या बेटांवरचे लोक उतरतात त्या हॉटेलात सोबतीला तोटा नसतो.

दुसऱ्या गुरुवारी त्यांनी पाकीट उघडले, तर आत काही नव्हते.

"कामेको, गुरुवार कुठं आहे?"

"खेळले मी तो," कामेको केस विंचरत म्हणाली.

"कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी गुरुवार कसा खेळतेस तू? आणि पाकीट तर चिकटवलेलं आहे!"

"वाफेवर धरलं, पुन्हा चिकटवलं. अन् तू खेळला असतास तरी हरलाच असतास. मी तुझे कष्ट वाचवले."

शुक्रवारचे पाकीट उघडणे वॉलेस यांच्या तत्त्वात बसेना. त्यांच्याजवळ बुधवारची एक चिठ्ठी शिल्लक होती, तीन डॉलरची. जुगाराचे यंत्र उरलेले पैसे अशा चिठ्ठीवर छापून देते. ती त्यांनी दारापाशी असलेल्या यंत्रात घातली. तीन डॉलरमध्ये काय होणार, असा विचार करीत ते बसले असता त्यांना आठवले, की तेरुयाबाईंची नोट अजून खेळायची आहे. दिवस मोकळाच आहे, तर हे कर्तव्य उरकावे. त्यांनी नोट काढून त्याच यंत्रात सरकवली. आधी आपले तीन डॉलर बाहेर काढायला हवे होते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. दुसऱ्याचा पैसा आणि आपला पैसा त्यांनी जन्मात प्रथमच एकत्र केला.

एका डॉलरचा एक डाव. पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्या डावाला यंत्राने घंटा बडवायला सुरुवात केली, दिवे लागले आणि पडद्यावर सोळाशे डॉलरचा आकडा आला.

एवढी रक्कम यंत्र आपण होऊन देत नाही, कराचा कागद भरावा लागतो. लुर्डेस नावाची फिलिपिनो बाई कागद घेऊन आली.

"अभिनंदन, अंकल! नाव सांगा."

"फुमिको तेरुया."

लुर्डेसने त्यांच्याकडे निरखून पाहिले. "ओळखपत्र?"

"त्या होनोलुलूला आहेत."

"मग बटण कोणी दाबलं?"

"बोट माझं होतं," वॉलेस म्हणाले. "दाबणं त्यांचं."

"अंकल, कायदा बोटाला पैसे देतो. इथं सही करा अन् घरी जाऊन काय भांडायचं ते भांडा."

भांडण घरापर्यंत थांबले नाही. दुपारी बैलाच्या शेपटीच्या सूपवर आले किसत कामेकोने सारी हकीकत वदवून घेतली आणि किसणी खाली ठेवली.

"कितव्या डावाला लागलं?"

"तिसऱ्या."

"आधी आत कुणाचे पैसे गेले?"

"माझे. तीन डॉलर."

"मग तिसरा डॉलर तुझाच की! तेरुयाबाईंच्या नोटेला हातही लागलेला नाही. वीसच्या वीस तिला परत दे अन् आपल्याला नवा फ्रीज घे. जुन्यातला बर्फ मी स्क्रूड्रायव्हरनं फोडते, ठाऊक आहे ना?"

"पण दाबताना माझ्या मनात तेरुयाबाई होत्या."

"अस्सं?" कामेको म्हणाली. "चाळीस वर्षं झाली म्हणून मला इथं आणलंस, अन् मनात तेरुयाबाई?"

शेजारच्या टेबलावरचा, आमच्याच बेटावरच्या पर्ल सिटीचा नळदुरुस्तीवाला क्लिफर्ड इतका हसला, की त्याचे सूप नाकात गेले. तरीही त्याने आपले मत दिले, "अर्धे अर्धे करा." वॉलेस यांनी नकारार्थी मान हलवली. आपण यातला एक डॉलर जरी ठेवला, तरी तेरुयाबाईंच्या तोंडाकडे पाहून पूर्वीसारखे बोलता येणार नाही, एवढेच त्यांना कळत होते.

परतल्यावर त्यांनी सोळाशे डॉलर, तेवीसातले न खेळलेले वीस आणि खाऊचा पुडा तेरुयाबाईंच्या हाती ठेवला. त्यांनी तिसऱ्या डॉलरची गोष्टही सांगितली, कारण ती न सांगणे त्यांना लबाडीचे वाटले. तेरुयाबाईंनी वीस डॉलर आणि खाऊ तेवढा ठेवून घेतला.

"पैसे तुझे आहेत, वॉलेस. मला पाप नको."

"तेरुयाबाई, मी तुमच्यासाठी दाबलं."

"मग पुढच्या वेळी माझ्यासाठी दाबू नकोस!"

दुसऱ्या दिवशी वॉलेस यांनी सोळाशे डॉलरचे पाकीट करून तेरुयाबाईंच्या टपालपेटीत टाकले. आठवड्याने ते त्यांच्या दारात आंब्यांच्या पिशवीच्या तळाशी सापडले. त्यांनी ते मुळ्याच्या लोणच्याच्या बरणीखाली चिकटवून परत पाठवले. ते केकच्या खोक्यातून पुन्हा आले. कामेको आंबेही खाई, केकही खाई आणि म्हणे, "चालू द्या, माझी काही तक्रार नाही."

पण हळूहळू केक यायचा थांबला. वॉलेस यांची गाडी दारात असली, की तेरुयाबाई कपडे वाळत घालायला बाहेर येईनाशा झाल्या. मोठा पाऊस झाला तेव्हा त्यांचे छप्पर गळले आणि त्यांनी बाहेरचा माणूस बोलावला. वॉलेस खिडकीतून त्या माणसाची शिडी पाहत उभे राहिले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

"एवढं मनाला लावून घेतलंस?" कामेकोने विचारले.

"तो कौल उलटा बसवून गेला," वॉलेस म्हणाले.

पुढच्या फेरीचे दिवस आले. गल्लीतल्या सर्वांनी आपापल्या नोटा आणून दिल्या. तेरुयाबाई आल्या नाहीत. वॉलेस यांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, पाकीट घेतले आणि तेरुयाबाईंच्या दारात सपाता काढून उभे राहिले. त्यांनी जाळीचे दार उघडले, वॉलेस यांच्या हातातले पाकीट पाहिले आणि त्या दार पुन्हा लोटू लागल्या. वॉलेस यांनी दारावर हात ठेवला.

"तेरुयाबाई, हे ना माझे, ना तुमचे. यातून विमानाचं तिकीट काढू या. यंदा तुमची नोट घेऊन तुम्ही स्वतःच आमच्याबरोबर चला."