चौदावा नंबर

आमच्या कॅन्सर हॉस्पिटलात तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. एकवीस वर्षं ती तळमजल्यावरच्या गार खोलीत स्वेटर घालून बसली. कॉम्प्युटर अडला की तिला फोन. सुरळीत चालू असलं की ती कुणाच्या खिजगणतीत नाही. मी शेजारच्या रेकॉर्ड विभागात होतो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

रुग्णांचे स्कॅन आणि रेडिएशनचे आराखडे तिच्या सर्व्हरवर असत. त्यांची बॅकअप प्रत मात्र सात तासांच्या अंतरावर, मुख्य संस्थेत. मधली नेटवर्कची लाइन जुनी आणि बारीक. दुसरी प्रत इथेच हवी, असं तिने अधीक्षकांना तीनदा लिहून दिलं होतं. तिन्ही अर्जांवर शेरा एकच : तूर्त आवश्यकता नाही.

एका सोमवारी सर्व्हरची एक डिस्क गेली. ती बदलून होते न होते तोच दुसरी गेली आणि तिच्याबरोबर सगळंच.

"किती वेळ लागेल?" अधीक्षकांनी विचारलं.

"तेरा दिवस."

"तीन सांगा."

"मी तीन सांगेन साहेब, पण लाइन तेराच घेणार."

सगळं डिस्कवर भरून गाडीने आणू, असंही तिने सुचवलं. मुख्य संस्थेचं उत्तर आलं की रुग्णांची माहिती आवाराबाहेर न्यायची तर समितीची मंजुरी लागते, आणि समिती पुढच्या महिन्यात बसते. "तहान लागल्यावर विहीर खणतात हे ऐकून होते," ती मला म्हणाली, "इथे तर खणायलाही परवानगी हवी."

बॅकअप दोन-दोन महिन्यांच्या गठ्ठ्यांत बांधलेला होता. एक गठ्ठा उतरायला अर्धा दिवस लागे. तो पुरा आल्याशिवाय त्यातली एकही फाइल उघडत नसे. मोठ्या डॉक्टरीणबाईंबरोबर बसून तिने क्रम लावला. ज्यांचे उपचार चालू होते ते आधी. त्यानंतर ज्यांचा आजार उलटला होता असे चौदा जण, कारण मागे कुठे किती रेडिएशन दिलं हे कळल्याशिवाय पुन्हा देता येत नाही. कुणाची निकड किती, ते डॉक्टरीणबाईंनी ठरवलं.

चौदावे होते तिचे भाऊजी, मोठ्या बहिणीचे यजमान. पाठीच्या कण्याजवळची गाठ चार वर्षांनी परतली होती. तरी अजून ते स्वतःच्या पायांनी जिना चढून येत.

तिसऱ्या दिवशी ताई आली. आई गेल्यावर हिच्या वेण्या घालण्यापासून सगळं ताईनेच केलेलं. ती खुर्चीवर बसलीच नाही.

"चौदाव्याचा पहिला करायला काय लागतं गं?"

"काही नाही लागत. एक ओळ वर सरकवायची."

"मग?"

"मग तेरा जण खाली सरकतात, ताई."

"ते तेरा तुझे कोण?"

सर्व्हरबाईने यादीला हात लावला नाही. ताई एवढंच म्हणाली, "तुला वाढवलं ते चुकलंच माझं," आणि निघून गेली. मी फायलींमध्ये डोकं घालून बसलो होतो, पण शब्द न् शब्द ऐकला.

सातव्या दिवशी सकाळी सर्व्हरबाईने कॉम्प्युटरचा पडदा पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. आदल्या संध्याकाळी अधीक्षकांनी मुख्य संस्थेत परस्पर फोन केला होता. एका विश्वस्तांच्या मेहुण्यांना कुठल्याशा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं होतं, म्हणून जुने स्कॅन हवे होते. महिना आठवत नव्हता, तेव्हा सबंध वर्षच मागवलं. सहा गठ्ठे, म्हणजे तीन दिवस. आमची रांग मध्येच तोडली गेली होती, आणि अर्धवट उतरलेला गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागणार होता.

ती वर गेली. मीही मागोमाग गेलो.

"हे थांबवा साहेब. खाली माणसं खोळंबली आहेत."

"तुमचे भाऊजीही आहेत म्हणे त्यांच्यात," अधीक्षक म्हणाले. "स्वतःच्या माणसासाठी आरडाओरडा बरा दिसतो का?"

ती जिना उतरली, खोलीत येऊन बसली आणि तुटलेला गठ्ठा तिने त्या सहा गठ्ठ्यांच्या मागे पुन्हा रांगेत लावला.

भाऊजींची फाइल नवव्याऐवजी बाराव्या दिवशी आली. त्यांना मशीनवर दिलेली वेळ टळली होती, पुढची आठवड्यानंतर मिळाली. तोवर पायांतली ताकद गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वेळेवर सुरू झालं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. त्या कदाचितने कुणाचंच समाधान झालं नाही.

चौकशी झाली. 'तांत्रिक कारणाने विलंब' असा अहवाल आला आणि मेमो सर्व्हरबाईला मिळाला, रांगेच्या क्रमाबाबत वरिष्ठांना विश्वासात न घेतल्याबद्दल. दोन महिन्यांनी इमारतीत दुसऱ्या प्रतीचं यंत्र बसलं. फीत अधीक्षकांनी कापली. भाषणात त्यांनी स्वतःच्या दूरदृष्टीचा उल्लेख केला. ती मागच्या रांगेत उभी होती.

दर रविवारी ती ताईकडे जाते. ताई दार उघडते, पाण्याचा तांब्या ठेवते आणि आतल्या खोलीत निघून जाते. भाऊजी मात्र बोलतात. एकदा त्यांनी विचारलं, "माझ्या आधीच्या तेरा जणांचं काय झालं?"

"नऊ जणांचं वेळेत सुरू झालं."

"आणि चौघं?"

"ते तुमच्यासारखेच अडकले."

भाऊजींनी मांडीवरची चादर सारखी केली. "नऊ म्हणजे पुष्कळच झाले," ते म्हणाले. "तू केलंस ते बरोबरच केलंस. पण मला विचारलं असतंस, तर मी वर सरकव म्हटलं असतं."

हे तिने मला सोमवारी कामावर आल्यावर सांगितलं, स्वेटरची बटणं लावता लावता. तेवढ्यात तिचा फोन वाजला, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कॉम्प्युटर अडला होता.