कामणच्या कड्यावर दोर सोडताना

जूचंद्रहून स्कूटर काढली तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि गारठा चांगलाच होता. पुढे मी, मागे सई, आणि आमच्या दोघांच्या मध्ये दोराची पिशवी. सई माझी मुलगी. पुढच्या आठवड्यात ती नोकरीसाठी बेंगळुरूला जाणार होती. जायच्या आधी तिला एक गोष्ट उरकायची होती. कामणच्या वरचा कडा आम्ही बऱ्याचदा चढलो होतो, पण दर वेळी पुढे मी आणि मागून ती. या वेळी तिला पुढे जायचं होतं. तिकडे अनोळखी लोकांबरोबर चढायचं तर आपल्याला एकटीला पुढे जाता येतं, हे तिला इथेच बघायचं होतं. मी हो म्हटलं होतं, पण तोंडदेखलं.

चिंचोटी फाट्याला भिवंडीच्या रस्त्याला लागलो आणि कंटेनरच्या रांगेत सापडलो. कामणला पोचेपर्यंत दोघांच्या भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. टपरीवर चहा-पाव खाल्ला, स्कूटर तिथेच लावली आणि गोदामांच्या मागून रानाची वाट धरली.

वाटेत लाकडाची मोळी घेऊन उतरणारी एक मावशी भेटली. आमची हेल्मेटं बघून थांबली. कुठे, कशाला, सगळी चौकशी झाली. पोरगी पुढे चढणार हे ऐकून तिने मला खालीवर न्याहाळलं.

"मंग तुमी कशाला आले?"

"दोर धरायला."

"बरा हाय," ती म्हणाली, आणि वरच्या झऱ्याला अजून पाणी आहे हेही सांगून गेली.

कडा काळ्या कातळाचा, उभा. आधीच्या कोणा गिर्यारोहकांनी त्यात अंतराअंतरावर बोल्ट (लोखंडी खिळे) मारून ठेवलेत. पुढे जाणारा चढत जातो आणि प्रत्येक बोल्टला आपला दोर अडकवतो. पडलाच तर शेवटच्या बोल्टवर झेलला जातो. खालच्याने बिले द्यायचा, म्हणजे तो मागेल तसा दोर सोडायचा आणि पडला तर धरायचा. हे काम मी वर्षानुवर्षं करत आलोय. डोळे झाकून करीन असं म्हणायचो.

सईने पहिले दोन बोल्ट झटक्यात घेतले. तिसऱ्याखाली कातळ गुळगुळीत आहे, पायाला जेमतेम बोटभर धार. तिचा पाय थरथरायला लागला आणि माझी नजर त्या पायावरच खिळली. तिने एका हाताने तोल सांभाळत दोर वर ओढला. मी तो घट्ट आवळून धरला होता. तिने पुन्हा ओढला. दोर आला नाही, ती मात्र सुटली.

दोन पुरुष उंचीइतकी खाली येऊन ती लटकली. कोपर सोलवटलं होतं. "धरलं गं, धरलं," मी ओरडत होतो. मला खरंच वाटत होतं की मी तिला वाचवलं.

"बाबा, मी पडले नाही. तू पाडलंस," ती शांतपणे म्हणाली.

तिला खाली घेतलं. झऱ्यावर कोपर धुतलं. पिशवीत आगाशीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी होती, ती खाल्ली. आजच्यापुरतं पुरे, हवं तर मी पुढे जातो, असं मी सुचवून पाहिलं. तिने नुसती नाही अशी मान हलवली आणि कमरेला पुन्हा गाठ मारली. मला लाज वाटली, आणि रागही आला, तिचा नाही, माझ्या हातांचा.

"मागितला की दे," ती म्हणाली. "एवढंच कर."

या वेळी मी तिच्या पायाकडे बघणं सोडलं आणि दोराकडे बघत राहिलो. त्याने मागितलं की द्यायचं. तिसरा बोल्ट लागल्याचा आवाज आला. मग चौथा. मग ती वरच्या फुगवट्यापलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. हातातून दोर सरकत राहिला, थांबला, पुन्हा सरकला. इतकी भीती मला स्वतः चढताना कधी वाटली नव्हती.

मग वरून हाक आली. "बाबा, ऑफ बिले."

म्हणजे मी पोचले, स्वतःला बांधून घेतलं, आता तू दोर सोड. ही हाक मी आजवर कितीतरी जणांना दिली होती, तिच्याकडून पहिल्यांदाच ऐकली. सोड म्हटलं तरी बोटं लगेच उघडेनात.

तिने वरून दोर धरला आणि मी मागून चढलो. माथ्यावर वारा होता. एकीकडे तुंगारेश्वरची झाडी, खाली गोदामांचे निळे पत्रे, लांब खाडीची पांढरी रेघ. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

परतताना स्कूटर मी चालवते म्हणाली. मी मागे बसलो. चिंचोटीपर्यंत दोन्हीकडून ट्रक जात होते. हळू, ब्रेक, डावीकडून घे, असं सगळं जिभेवर आलं, पण एक अक्षर बोललो नाही. वडीलपण म्हणजे धरणं, हे मी न शिकवता शिकलो होतो. सोडणं मात्र शिकावं लागतं, आणि तेही पोरांकडूनच. असा विचार करून मी स्वतःवर चांगलाच खूश झालो होतो.

फाट्याच्या सिग्नलला तिने मान मागे वळवली.

"बाबा, खांदा सोड ना. हँडल वळवता येत नाहीये."