बारा फॅटचं डेव्हलपर

सयाजीरावांनी बायकोच्या डोक्यावरचा टॉवेल काढला, बघितलं आणि परत होता तसा गुंडाळून ठेवला.

"काय झालं वो?" शालनकाकूंनी विचारलं.

"काय न्हाय. जरा ऊन पडलंय केसांवर."

ऊन बिन काही नव्हतं. पांढरे केस पांढरटच राहिले होते आणि जे अजून काळे होते ते गाजरासारखे तांबूस झाले होते. टाळूची आग काकू मघापासून सोसत होत्या. आरशात बघितल्यावर मात्र त्यांचा धीर सुटला.

"हे काय करून ठेवलासा?"

केस रंगवायचं काम खरं तर लेकीचं, स्नेहलचं. ती लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून वेणी पांढरी होत चालली होती. म्हणून सयाजीरावांनी जबाबदारी घेतली. स्नेहलनं फोनवर बजावलं होतं, "पप्पा, रंगाची ट्यूब वेगळी, त्यात कालवायची डेव्हलपरची बाटली वेगळी. आणि बाटलीवरचे टक्के बघून..."

"टक्के तू मला शिकवतीस व्हय?" म्हणत त्यांनी फोन ठेवला. कसबा बावड्याच्या दूध संस्थेत त्यांनी सारी हयात फॅट तपासण्यात घालवली होती.

महाद्वार रोडच्या दुकानात चार बाटल्या ओळीनं उभ्या. तीन, सहा, नऊ, बारा. आतला मालही दुधासारखाच पांढरा. सयाजीराव मनात हसले. तीन म्हणजे गाईचं, सहा म्हणजे म्हशीचं. नऊ म्हणजे नशीबवान माणसाच्या म्हशीचं. आणि बारा फॅटची म्हैस कुणाकडं असती तर पाडव्याला तिची हलगी लावून मिरवणूक निघाली असती.

"बाराचं द्या," ते म्हणाले. "घरच्या माणसासाठी न्यायचंय, हलकं नको." या नादात रंगाची ट्यूब घ्यायची राहूनच गेली.

आता घरचं माणूस डोक्याला पदर गुंडाळून कोपऱ्यात बसलं होतं. पुढच्या आठवड्यात बिद्रीला भाच्याचा, राजवर्धनचा साखरपुडा होता. भाऊ वारल्यावर माहेरातलं पहिलंच कार्य. आत्या म्हणून काकूंनीच पुढं व्हायचं होतं.

"मी न्हाय जाणार. आजारी हाय म्हणून सांगा."

बिद्रीतच सयाजीरावांनी ती वेणी पहिल्यांदा पाहिली होती. तिथल्या संस्थेत ते काही दिवस बदलीवर गेले होते. सकाळच्या रांगेत किटली घेतलेली एक पोरगी, कमरेखाली लोंबणारी वेणी, टोकाला आबोलीचा गजरा. सयाजीराव रोज म्हणायचे, "नमुना नीट आला न्हाय, परत दाखवा." शेवटी पोरीचा बापच आला आणि म्हणाला, "पावणं, आमच्या दुधात खोट हाय का तुमच्या डोळ्यात?" पुढं त्याच बापानं कन्यादान केलं. त्या दिवशीही वेणी तशीच होती, आणि अक्षता पडत असताना नवरदेव तिच्याचकडं बघत होते.

ते उठले आणि बाटली घेऊन पलीकडच्या गल्लीत पार्लर चालवणाऱ्या वर्षाराणीकडं गेले. तिनं आकडा वाचून कपाळावर हात मारला.

"काका, बारा? बारानं असलेला रंग उडतो! पांढरे झाकायला सहा बास."

"म्हंजे म्हशीचंच की!"

"म्हशीचंच समजा. आधी डोकं निवू दे, नुसतं खोबरेल लावा. मग कानामागं जरा लावून बघायचं. खाज आली न्हाय तर सगळीकडं. आणि काकूंना इकडंच पाठवा, मी लावते."

काकू मात्र हटून बसल्या. "ज्यांनी बिघडवलंय त्यांनीच करायचं."

वर्षाराणीनं तिच्याकडची सहाची बाटली आणि गडद रंगाची ट्यूब दिली. पैसे काही केल्या घेईना.

"लहानपणी पातेली घेऊन तुमच्या दारात खरवसाला यायचो आम्ही. तसला खरवस द्या, काका. चिकाचा. पावडरीचा नको."

"एवढंच व्हय? दिला समज!" सयाजीराव रुबाबात म्हणाले. घरी आल्यावर त्यांचं लक्ष गोठ्याकडं गेलं. तिथं आता भाडेकरूंच्या दोन स्कूटी उभ्या असतात.

टाळू निवल्यावर काकू पाटावर बसल्या. सयाजीरावांनी भांग पाडत, बट उचलत, ब्रशनं रंग लावला. नमुना घेताना धरायचे तसा हात जपून धरला होता. केस धुतले तेव्हा पाणी काळं गेलं आणि वेणी काळी राहिली. कमरेपर्यंत नव्हती आता, खांद्याच्या जरा खाली होती. सयाजीरावांनी खिशातून आबोलीचा गजरा काढला.

"इतकी वर्षं कुठं गेलतं हे?" काकू म्हणाल्या. पण डोकं पुढं केलं.

साखरपुड्यात काकूंनी डोक्यावरचा पदर मुद्दाम घसरू दिला, असं भावजयीचं म्हणणं. सयाजीराव मात्र मांडवात नव्हतेच. ते मागच्या गोठ्यात म्हशीच्या पोटाला हात लावून वैरण टाकणाऱ्या गड्याला विचारत होते, "कधी व्यायची ही?"

"अजून लई दिवस हाईत, दाजी. दिवाळी उजाडंल."

तेव्हापासून ते पार्लरवरून जाताना मान खाली घालतात. वर्षाराणी आतून हातातलं काम न सोडता ओरडते, "काका, व्याली का?"