मेथीचा डबा

ती घटना आठवली की आजही मला मेथीचा वास येतो. मी तेव्हा दुर्गजवळच्या जुनवानीच्या ठाण्यात फौजदार होतो. तिथल्या एका घरातून सोन्याचा गोफ चोरीला गेला होता. मालकीणबाईंनी तो मेथीच्या डब्यात, दाण्यांखाली लपवला होता आणि ही हुशारी फोनवर बहिणीला मोठ्याने सांगितलीही होती. ऐकणारे घरात दोघेच होते, कॉलेजात शिकणारा भाचा आणि कामवाली. बाईंनी संशय कामवालीवर घेतला, हे सांगायला नकोच.

कामवाली कॅम्प-१ या कामगारवस्तीतली, मूळची गोंदियाकडची. चौकशीची नोटीस पुढे करताच तिने मुकाट्याने अंगठा उमटवला.

"काय लिहिलंय ते तरी विचार," मी म्हटलं.

"कावून जी? तुमी लिवलं ते बराबरच असन. पन मले जेलात नोका टाकू साहेब, पोरगी घरी एकटीच हाय."

मला तिची कीव आली आणि रागही आला.

घटनास्थळ पाहायला गेलो. दिवाळीची सफाई चालली होती. चोरीच्या सकाळीच बाईंनी सगळे डबे घासूनपुसून, जागा बदलून मांडले होते. एकसारखे स्टीलचे डबे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. सगळे लखलखीत, फक्त मेथीच्या डब्यावर बोटांचे डाग. ठसे पुसट होते, त्यांवरून माणूस ठरेना.

पंचनामा झाल्यावर मी कामवालीला मेथी काढायला सांगितलं. तिचा हात सवयीने जुन्या जागी गेला. तिथे साखर निघाली. मग ती एकेक डबा कानाशी हलवू लागली.

"असंच हुडकतो मी," ती म्हणाली. मेथी सापडेपर्यंत निम्म्या डब्यांवर तिची बोटं उमटली होती.

मी भाच्याला बाजूला घेतलं. "इतक्या डब्यांत चोराने नेमका तोच कसा उचलला रे?"

"उस पर लिखा तो है, सर," तो चटकन बोलला आणि त्याने जीभ चावली. संध्याकाळपर्यंत त्याच्या मोटरसायकलच्या सीटखालून गोफ निघाला.

कामवालीला सोडताना मी दटावलं, "या वेळी अडाणीपणाने तारलं. दर वेळी तारणार नाही. पोरीकडून लिहायला-वाचायला शीक."

शिकलेले चोर मी पुष्कळ पाहिले. पण अक्षर न येणारा माणूस अंगठ्याबरोबर आपलं नशीबही दुसऱ्याच्या हातात देतो, हे मला त्या नोटिशीने शिकवलं.

पुढे खटला दुर्गच्या कोर्टात उभा राहिला. साक्षीच्या समन्सवर सही घ्यायला तिला ठाण्यात बोलावलं. मी पेन दिलं. तिने ते बाजूला ठेवलं आणि कागदावर बोट टेकवून एकेक अक्षर लावू लागली. चहा निवला, हवालदार चुळबुळू लागला.

"कर ना सही," मी म्हटलं.

"थांबा न साहेब," ती मान वर न करता म्हणाली, "वाचू तं द्या."